काड्या वाटल्या म्हणून वाण जगले
ऑस्ट्रेलियातल्या हंटर खोऱ्याच्या द्राक्षबागांना वाण मिळवून देणारा जेम्स बझबी

शेतकरी बंधूंनो, छाटणी झाली की बांधावर काड्यांचा ढीग पडतो. काही काड्या सरपणाला जातात, काही जाळल्या जातात. एखादा पाहुणा किंवा शेजारी मागायला आला, तर चांगल्या डोळ्याच्या चार काड्या आपण त्याला बाजूला काढून देतो. त्याचं आपल्याला विशेष काही वाटत नाही. पण अशाच काड्या गोळा करून, सात समुद्र ओलांडून नेऊन, लोकांना फुकट वाटणारा एक माणूस सुमारे दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेला. ऑस्ट्रेलियात आज द्राक्षाची जी मोठी शेती आणि वाईनचा जो धंदा दिसतो, त्यातले कितीतरी वाण त्याने आणलेल्या काड्यांतून पसरले. त्याचं नाव जेम्स बझबी.

आता तुम्ही म्हणाल, ऑस्ट्रेलियातला तो गोरा माणूस, त्याचं आपल्याला काय? पण आपल्याकडे द्राक्षं लावणाऱ्याने आणि शेतकऱ्यांसाठी योजना राबवणाऱ्यानेही त्याची गोष्ट एकदा ऐकावी अशी आहे. त्याने केलेलं काम कुठे टिकलं आणि कुठे मातीत गेलं, हे पाहिलं म्हणजे पुष्कळ काही कळतं.

विहिरी खणणाऱ्याचा मुलगा

बझबीचा जन्म स्कॉटलंडमधल्या एडिंबरोचा. वडील जॉन बझबी हे खाणी आणि पाण्याच्या कामातले जाणकार. ऑस्ट्रेलियात तेव्हा इंग्रजांची नवी वसाहत होती, न्यू साउथ वेल्स. तिथल्या सरकारने वडिलांना नोकरी दिली आणि १८२४ साली सारं कुटुंब सिडनीला पोहोचलं. पुढे याच वडिलांनी सिडनी शहराला पाणी आणण्यासाठी जमिनीखालून बोगदा खणला. १८२७ ते १८३७ अशी दहा वर्षं ते काम चाललं. आजही तो बोगदा बझबीच्या नावाने ओळखला जातो.

जेम्स त्या वेळी विशी-बाविशीचा. निघण्याआधी त्याने एक शहाणपण केलं. नव्या देशात कोणतं पीक चालेल याचा विचार करून तो फ्रान्समध्ये बोर्दोच्या बाजूला जाऊन राहिला. बागा बघितल्या, छाटणी कशी करतात, रस कसा काढतात, पिंपात काय होतं ते शिकून घेतलं. स्कॉटलंडात काही द्राक्ष पिकत नाही. म्हणजे घरात ज्या पिकाची परंपराच नाही, ते पीक हा पोरगा शिकून आला होता.

एक गोष्ट मात्र इथेच सांगायला हवी. ऑस्ट्रेलियात द्राक्ष आणणारा तो पहिला नव्हे. १७८८ साली इंग्रजांची पहिली जहाजं आली तेव्हाच त्यांच्यासोबत वेली आल्या होत्या. बझबी पोहोचला त्याआधीच तिथले काही जमीनदार बागा लावून बसले होते. ग्रेगरी ब्लॅक्सलँड नावाच्या शेतकऱ्याने तर आपली वाईन लंडनलाही पाठवली होती. पण हे सगळं हौशीचं काम होतं. कोणता वाण कुठल्या जमिनीत चालतो याचा पत्ता नव्हता, आणि लहान शेतकऱ्याच्या हातात तर काहीच नव्हतं.

अनाथाश्रमातली बाग आणि दोन पुस्तकं

१८२५ साली बझबीला काम मिळालं ते सिडनीजवळच्या मुलांच्या अनाथाश्रमात. मुलांना द्राक्षाची शेती शिकवायची आणि आश्रमाची मोठी शेतीही सांभाळायची, असं ठरलं. पगार, शिवाय उत्पन्नात हिस्सा. त्याने बाग लावली. पण दोनेक वर्षांतच आश्रमाचा कारभार दुसऱ्या मंडळाकडे गेला आणि बझबीची नोकरी गेली. ठरलेल्या पैशांसाठी त्याला सरकारदरबारी खेटे घालावे लागले. अर्ज, तक्रारी, पुन्हा अर्ज. हा भोग पुढे जन्मभर त्याच्या मागे राहिला.

त्याच १८२५ साली त्याने द्राक्षशेतीवर एक पुस्तक छापलं. फ्रेंच विद्वानांच्या ग्रंथांवरून बेतलेलं, चांगलं जाडजूड. पुस्तक विद्वत्तेचं होतं, पण ज्याने वाचून बाग लावायची त्या साध्या शेतकऱ्याच्या ते कामाचं नव्हतं. हे बझबीच्या लक्षात आलं, आणि इथेच त्याचा मोठेपणा दिसतो. त्याने लोकांना अडाणी म्हटलं नाही. त्याने १८३० साली दुसरं पुस्तक लिहिलं, लहान आणि सोपं. खड्डा किती, काडी केवढी, डोळे किती ठेवायचे, छाटणी कधी, द्राक्ष तोडायचं कधी, रस आंबवायचा कसा, असं सरळ करून दाखवल्यासारखं. हे पुस्तक त्याने मुद्दाम लहान शेतकऱ्यांसाठी काढलं. शिवाय नुसतं पुस्तक देऊन तो थांबला नाही. त्या सुमारास बागेतल्या हजारो काड्याही लोकांना वाटल्या गेल्या. कागदासोबत काडी, हे त्याचं गणित होतं.

त्याच्या मनात आणखी एक विचार होता. त्या काळी वसाहतीत रम नावाच्या कडक दारूने उच्छाद मांडला होता. मजुरी मिळाली की ती रममध्ये जायची. लोक हलकी वाईन जेवणासोबत घेतील तर रम सुटेल, आणि पाच-दहा एकरांची बाग असलेला माणूस घर बांधून एका जागी राहील, असं त्याला वाटे. वाईनने दारूबंदी होते का, हा वाद आपण बाजूला ठेवू. पण द्राक्षाचं पीक कमी जमिनीत कुटुंबाला पोसू शकतं, हे त्याने ओळखलं होतं.

हंटर खोऱ्यातली जमीन

सरकारने बझबीला सिडनीच्या उत्तरेला हंटर नदीच्या खोऱ्यात २००० एकर जमीन दिली. तिला त्याने कर्कटन नाव ठेवलं. ही जमीन रिकामी पडलेली नव्हती. ती वॉनारुआ या मूळ रहिवाशांची होती आणि त्यांना न विचारता सरकारने ती वाटली. त्या भागात राबणारे हातही पुष्कळदा शिक्षा होऊन आलेल्या कैद्यांचे होते. हा हिशेब विसरून चालणार नाही.

बझबी स्वतः तिथे फारसा राहिला नाही. बाग सांभाळली ती त्याच्या बहिणीने आणि मेहुण्याने, विल्यम केलमन यांनी. त्यांच्या हाताखाली कर्कटनला वेली लागल्या आणि हंटर खोऱ्यातल्या सुरुवातीच्या बागांत तिचं नाव झालं. ती बाग विसाव्या शतकापर्यंत टिकली.

हे खोरं द्राक्षाला सोपं मात्र नाही. आपल्या शेतकऱ्याला त्याचं दुखणं लगेच कळेल. तिथे ऋतू उलटे. जून ते ऑगस्ट थंडी, तेव्हा वेल झोपलेली असते आणि छाटणी होते. सप्टेंबरात डोळे फुटतात. जानेवारी-फेब्रुवारीत भर उन्हाळ्यात काढणी. आपल्याकडे वेल झोपत नाही म्हणून एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची छाटणी अशा दोन छाटण्या लागतात. तिथे एकच. पण काढणीची वेळ मात्र आपल्या हंगामाच्या जवळपास येते.

आणि खरी अडचण तिथेच आहे. वर्षाला साधारण ७५० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा उन्हाळ्यात. म्हणजे मण्यात पाणी उतरलं, गोडी भरत आली, की आभाळ येतं. मणी तडकतात, घड सडतात, डावणी उठते. मधूनच गारपीटही होते. दुसऱ्या बाजूला हवा गरम असूनही दुपारी समुद्राकडून वारा आणि ढग येतात, त्यामुळे वेलीला उन्हाची झळ थोडी कमी लागते. म्हणजे जो ढग काढणीला छळतो, तोच वेलीला सावलीही देतो.

मग तिथल्या लोकांनी काय केलं? पिढ्यान्‌पिढ्या चुका करत जमीन आणि वाण यांची जोडी जमवली. ओढ्याकाठच्या वाळूसर, हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत सेमियाँ हा पांढरा वाण लावला. टेकडीच्या उतारावरच्या तांबड्या मातीत शिराझ हा काळा वाण लावला. सेमियाँ तर ते पाऊस येण्याआधी, गोडी पुरती भरायच्या आतच तोडतात. त्याची वाईन हलकी होते, मद्यार्क दहा-अकरा टक्के. सुरुवातीला चव आंबट आणि साधी लागते. पण बाटलीत दहा-पंधरा वर्षं ठेवली की तिला अशी चव येते की जगातले जाणकार तिच्यासाठी हंटरचं नाव घेतात. पावसाच्या भीतीने लवकर तोडणं ही मजबुरी होती. त्या मजबुरीतूनच खोऱ्याची ओळख तयार झाली.

ज्यांनी जमीन बघितली नाही त्यांचं काय झालं, तेही ऐका. १९६० आणि ७० च्या दशकांत वाईनचा भाव चढला तेव्हा खोऱ्यात वाटेल तिथे बागा उठल्या. चिकण, पाणी धरणाऱ्या जमिनीतही वेली लावल्या. त्यातल्या कित्येक बागा पुढे उपटाव्या लागल्या.

चार महिन्यांची पायपीट

पुन्हा बझबीकडे येऊ. १८३१ साली तो आपली गाऱ्हाणी घेऊन इंग्लंडला गेला. तिथे काम रेंगाळत असताना तो गप्प बसला नाही. त्या वर्षाच्या सप्टेंबरअखेरीस स्पेनमध्ये उतरला आणि पुढचे तीन-चार महिने स्पेन आणि फ्रान्सच्या बागा त्याने पालथ्या घातल्या. हेरेसची पांढरी चुनखडीची जमीन, मलागाचे मनुके, दक्षिण फ्रान्समधला रूसियाँ, ऱ्होन नदीकाठची हर्मिटाज टेकडी, बर्गंडी, शँपेन, असा त्याचा प्रवास. प्रत्येक ठिकाणी तो शेतकऱ्याला, मुकादमाला, व्यापाऱ्याला विचारत गेला. दोन ओळींत अंतर किती, मजुरी काय पडते, एकरी उतारा किती, खत घालता की नाही. सगळं रोज वहीत लिहून ठेवलं. ही रोजनिशी पुढे १८३३ साली सिडनीत पुस्तकरूपाने निघाली.

माँपेलिए इथल्या वनस्पती उद्यानात त्याला मोठं घबाड सापडलं. तिथे द्राक्षाच्या वाणांचा भला मोठा संग्रह होता. उद्यानाचे प्रमुख प्राध्यापक दलील यांनी त्याला चारशे तीसहून अधिक वाणांच्या काड्या दिल्या, त्याही फुकट. पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानातून शंभराहून अधिक वाण मिळाले. फिरताना बागांतून त्याने स्वतः निवडलेल्या काड्या वेगळ्या. प्रत्येक वाणाची नोंद त्याने यादीत केली.

या काड्यांचा तो धंदा करू शकला असता. पण त्याने हा सगळा संग्रह सरकारला भेट दिला. अट एवढीच की सिडनीच्या वनस्पती उद्यानात प्रयोगाची बाग करावी, कोणता वाण या हवेला मानवतो ते पाहावं आणि काड्या लोकांना वाटाव्यात. १८३२ साली काड्या जहाजातून सिडनीला रवाना झाल्या. विचार करा, महिनोन्‌महिने चालणारा तो समुद्रप्रवास, वाटेत विषुववृत्ताची गरमी. तरीही साडेतीनशेहून अधिक वाण जगले आणि सिडनीत फुटले.

सरकारी बाग सुकली, बांधावरची जगली

यापुढची गोष्ट नीट लक्षात घ्या. बझबी सिडनीला परतला, १८३२ च्या नोव्हेंबरात त्याचं लग्न झालं आणि लगेच १८३३ साली सरकारने त्याला न्यूझीलंडला पाठवलं. काड्या आणणारा गेला. सिडनीच्या उद्यानातली बाग सरकारच्या ताब्यात राहिली. त्या बागेकडे हळूहळू दुर्लक्ष होत गेलं. वाणांची तुलना करण्याचा जो प्रयोग बझबीने डोक्यात ठेवला होता, तो नीट झालाच नाही. काही वर्षांत तो संग्रह नाहीसा झाला.

मग सगळं गेलं का? नाही. कारण त्याआधीच काड्या बाहेर पडल्या होत्या. जोडसंच हंटर खोऱ्यात कर्कटनला गेला होता. कॅम्डनच्या मॅकआर्थर कुटुंबाच्या बागेत काड्या गेल्या, तिथून पुढे दक्षिण ऑस्ट्रेलियात गेल्या. एका शेतकऱ्याने दुसऱ्याला दिल्या. सरकारी बाग सुकली, पण लोकांच्या बांधावर गेलेलं जगलं. १८५५ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात हंटर खोऱ्यातल्या जेम्स किंग या बागायतदाराची वाईन फ्रान्सच्या बादशहाच्या मेजवानीत वाढली गेली.

याचं मोल आणखी पुढे कळलं. १८६० च्या दशकापासून फ्रान्समध्ये फिलॉक्सेरा या मुळं खाणाऱ्या बारीक किडीने थैमान घातलं आणि जुन्या बागा उजाड झाल्या. तिथे नव्या बागा अमेरिकन खुंटावर कलम करून उभ्या कराव्या लागल्या. ऑस्ट्रेलियात ही कीड काही भागांत आली, पण हंटर खोऱ्यापर्यंत पोहोचली नाही. म्हणून आजही तिथे एकोणिसाव्या शतकात लावलेल्या, स्वतःच्या मुळावर उभ्या असलेल्या वेली आहेत. मूळ देशातली बाग गेली आणि परक्या देशात गेलेली काडी टिकली. हर्मिटाज टेकडीवरचा काळा वाण आज शिराझ नावाने ऑस्ट्रेलियात सर्वांत जास्त लावला जाणारा वाईनचा वाण आहे. आपल्या नाशिक भागातल्या वाईनच्या बागांतही शिराझ आहे, तो याच वाणाचा भाऊबंद.

एक नुकसान मात्र झालं, नावांचं. संग्रह विस्कटला तशा चिठ्ठ्या हरवल्या. लोकांनी आपापली नावं दिली. हंटरचे शेतकरी सेमियाँला रिझलिंग म्हणत राहिले, शिराझला हर्मिटाज म्हणत राहिले. दक्षिणेत क्लेअर खोऱ्यात क्रूशाँ नावाच्या वाणालाही रिझलिंगच म्हणत. १९७० च्या दशकात फ्रान्सहून तज्ज्ञ आला, त्याने पानं आणि घड तपासले, तेव्हा कुठे घोळ निस्तरला. रोपवाटिकेतून रोप आणताना वाणाची पावती घ्या असं जाणकार का सांगतात, ते यावरून समजावं.

वैतांगीची वेल आणि अखेर

न्यूझीलंडमध्ये बझबी इंग्रज सरकारचा प्रतिनिधी होता. पद मोठं, पण हाताशी ना शिपाई ना कोर्ट. गोऱ्या व्यापाऱ्यांना आवरायचं आणि माओरी सरदारांशी सलोखा ठेवायचा, तोही नुसत्या शब्दावर. १८३५ साली सरदारांचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्याने तयार करवला. १८४० च्या ६ फेब्रुवारीला वैतांगीचा प्रसिद्ध करार त्याच्या घरासमोर झाला आणि त्याच्या मसुद्यातही बझबीचा हात होता. त्या करारावरून माओरींच्या जमिनीचे वाद पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालले.

वेलीचा नाद मात्र तिथेही सुटला नाही. वैतांगीच्या घराजवळ त्याने बाग लावली, वाईन केली. १८४० साली आलेला फ्रेंच दर्यावर्दी द्युमाँ द्युर्व्हिल याने ती चाखून वाखाणली. फ्रेंच माणसाने वाखाणणं म्हणजे पावतीच. पण १८४५ च्या लढाईच्या धामधुमीत ती बागही गेली.

पुढची वर्षं कोर्टकचेरीत गेली. करारापूर्वी त्याने माओरींकडून बरीच जमीन घेतली होती. नव्या सरकारने ते व्यवहार मान्य केले नाहीत. पंचवीस वर्षांहून अधिक काळ तो भांडत राहिला. शेवटी भरपाई मिळाली ती उतारवयात. डोळ्यांच्या इलाजासाठी तो इंग्लंडला गेला आणि १५ जुलै १८७१ रोजी लंडनजवळ वारला.

आपण काय घ्यावं?

हंटर खोऱ्याचं दुखणं अजून संपलेलं नाही. २०१९-२० च्या वणव्यांचा धूर इतका बसला की त्या हंगामात कित्येक बागायतदारांनी द्राक्षं वाईनला घेतलीच नाहीत. पुढच्या हंगामात त्यांनी पुन्हा छाटणी केली.

तेव्हा मंडळी, बझबीकडून घेण्यासारख्या तीन गोष्टी. पहिली, पीक लावण्याआधी ते जिथे पिकतं तिथे जाऊन, चार शेतकऱ्यांना विचारून, लिहून आणा. दुसरी, वाणाचं नाव आणि जमिनीची जात यांची नोंद ठेवा. घरातल्या जुन्या वहीचं मोल नातवाच्या वेळी कळतं. आणि तिसरी गोष्ट जितकी शेतकऱ्याला तितकीच खात्यातल्या मंडळींना. नवा वाण, नवी काडी, नवं बी एकाच प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर ठेवू नका. साहेबाची बदली होते, पाणी बंद होतं, आणि प्लॉटवर उरते ती फक्त पाटी. तेच बी दहा गावांतल्या पन्नास शेतकऱ्यांच्या हातात गेलेलं असेल, तर त्यातल्या पाच जणांकडे तरी ते जगेल.

या हंगामात छाटणी कराल तेव्हा चांगल्या वेलीच्या काड्या आधी बाजूला काढा. त्यावर नावाची चिठ्ठी बांधा. मग मागायला येईल त्याला द्या.